मुकादम कोणाला सांगतो

४ सप्टेंबर

वन्सं,

तुमचे दादा गेल्यावर तुम्ही आठवडाभर राहून गेलात. त्यानंतरचं माझं हे पहिलं पत्र. नुसती खुशाली कळवायला आजही लिहिलं नसतं. अडलं म्हणून लिहितेय.

अडलंय मुकादमपायी. तुमच्याकडचंच पिल्लू ते, म्हणून तुमच्याच गळ्यात घालते.

तो भुंकतो. पूर्वीही भुंकायचा, पण थोडा आवाज करून गप्प बसायचा. आता बेल वाजली की सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. फोन वाजला, तेच. किटलीने शिटी दिली, तेच. मी ओरडते. तो आणखी ओरडतो. मग दोघंही दमतो, पण आधी मी दमते.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. तिला रात्रपाळी असते. दिवसा झोपते, म्हणजे झोपायची. परवा जिन्यात भेटली. डोळ्यांखाली काळं झालंय पोरीच्या. भांडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. तर म्हणाली, "मावशी, काहीतरी करा हो." मला मान वर करवेना.

मग इमारतीच्या चिटणीसांची चिठ्ठी आली. नोव्हेंबरातल्या बैठकीपर्यंत आवाज थांबला नाही तर कुत्रं इमारतीत ठेवता येणार नाही. चिटणीस भला माणूस आहे. चिठ्ठी दाराखालून सरकवली. बेल वाजवायची हिंमत झाली नसावी.

मला कुत्र्याची हौस कधीच नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे आणि मुकादम, दोघांनी आमच्या घरात आपलं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. मी मशीनवर कुणाची पँट आखूड करतेय, हे खुर्चीत, तो पायाशी. मी काही बोलावं तर निम्म्या वेळा उत्तरच नाही. उठून भांडी घासता घासता बोलावं, तर भिंतीशी बोलल्यासारखं. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांचं माझ्यातून मनच उडालं होतं. तुमच्या भावाची तक्रार तुमच्याकडेच करतेय, पण आता दुसरं कोण आहे?

सांगायचं ते एवढंच, की हे गेले, आता मुकादमही गेला तर ह्या घरात मी नुसती मशीन चालवत बसेन. ते मला जमणार नाही.

तुम्ही कुत्र्यांत राहता. काय करू ते लिहा. फोन मुद्दामच केला नाही. तुमच्याकडे फोनवर तुमच्यापेक्षा कुत्रीच जास्त बोलतात.

तुमची वहिनी


११ सप्टेंबर

वहिनी,

बरं झालं लिहिलंस. लोक प्रवासाला गेलेत, त्यांची कुत्री माझ्याकडे आहेत. लिहिते आहे आणि एक जण माझ्या चपलेवर झोपलाय, त्यामुळे पत्र संपेपर्यंत मी उठू शकत नाही. तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी ओरडणं सोड. तू ओरडतेस तेव्हा मुकादमला काय वाटतं सांगू? बाईसुद्धा भुंकायला लागली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मग तो नेटाने भुंकतो. तू त्याला साथ देतेस आणि तो तुला.

मारायचं नाही, साखळीला हिसका द्यायचा नाही, तोंड बांधायचं नाही. घाबरवून गप्प केलेलं कुत्रं शांत नसतं, नुसतं गप्प असतं. माझ्याकडे तशी येतात. हात उचलून केस सारखे केले तरी जमिनीला चिकटतात.

आता कामाचं. अंडं उकड, नखाएवढे तुकडे कर, एप्रनच्या खिशात ठेव. बेल वाजली, तो भुंकला, तू काही बोलू नकोस. भुंकता भुंकता त्यालाही श्वास घ्यावा लागतो. त्या फटीत हळू आवाजात म्हण, "शांत." आणि तुकडा दे. पुढच्या वेळी फट जराशी लांबू दे, मग तुकडा दे. आवाज थांबला म्हणून द्यायचं. आवाज थांबावा म्हणून द्यायचं नाही. ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच घसरतात.

शिवाय कोणाला तरी सांगून उगाच बेल वाजवायला लाव. वाजली, कोणी आलं नाही. पुन्हा वाजली, कोणी नाही. बेलचा दरारा उतरला पाहिजे.

घाई करू नकोस. तो वाईट वागत नाहीये. त्याला काहीतरी म्हणायचंय, आणि आपल्याला अजून कळलेलं नाही.

दादाबद्दल लिहिलंस ते वाचलं. माझ्याशीही तो अलीकडे तसाच होता. फोनवर "हं, हं, बरं, हिच्याशी बोल," की संपलं. मला वाटायचं, घर सोडून कुत्र्यांत येऊन राहिले ते त्याला पटलं नाही. मग एकदा त्यानेच लिहिलं, "फोनवर तुझी कुत्रीच ऐकू येतात, पत्र लिहीत जा." पत्रं मात्र लांबलचक लिहायचा. माणूस एकच, आणि वागणं दोन तऱ्हांचं. मी नाद सोडला.

तुकडे नखाएवढेच कर. तुझा हात सढळ आहे, ते मला ठाऊक आहे.

तुझी नणंद


१९ सप्टेंबर

वन्सं,

घसरले.

पहिल्या दिवशी तो श्वासच घेईना. मला कीव आली आणि भुंकतानाच एक तुकडा दिला. मग आणखी एक. आता तो बेल वाजली की भुंकतो आणि बेल वाजली नाही तरी माझ्या खिशाकडे बघून भुंकतो. म्हणजे मी त्याला एक जास्तीचं भुंकणं शिकवलं. हसलात ना? हसा.

खालच्या नर्सला मी वर बोलावून खरं काय ते सांगितलं. तिला वाटलं मी भांडायला बोलावतेय, म्हणून ती आधीच तयार होऊन आली होती. मी म्हटलं, "कामावर जाताना आमची बेल वाजवून जाशील का?" ती म्हणाली, "मावशी, ज्या आवाजाने माझी झोप उडते तो मीच सुरू करायचा?" मग हसायलाच लागली. रोज वाजवते. कधी दोनदा.

चिटणीस एक पट्टा घेऊन आले. कुत्रं भुंकलं की गळ्यात झटका बसतो म्हणे. त्यांच्या मेहुण्याचा होता. "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." ते गेल्यावर मी तो माझ्याच मनगटाला गुंडाळला आणि बटण दाबलं. हातातली कात्री खाली पडली. मुंगी एवढी मोठी कुठे असते ते चिटणीसांना विचारायला हवं. पट्टा परत केला आणि सांगितलं, मापात बसत नाही.

पण वन्सं, एक गोष्ट. "शांत" हा शब्द त्याच्या डोक्यात शिरतच नाही. जेवणाची हाक कळते, फिरायला जायची कळते. "शांत" म्हटलं की माझ्याकडे बघतसुद्धा नाही. जणू मी त्या खोलीतच नाही. ह्या घरात ती सवय एकालाच होती असं मला वाटलं होतं.

तुमची वहिनी


२५ सप्टेंबर

वहिनी,

मनगटाला पट्टा बांधून बघणारी बाई मी अजून पाहिली नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आता हे सांगते.

अंड्याचं झालं ते झालं. खिसा रिकामा ठेव, तीन-चार दिवसांत विसरेल.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकते. तो तुझ्याकडे बघत नाही. मग बघतो कुठे? परक्याला हाकलायला भुंकणारं कुत्रं दाराकडे तोंड करतं. घाबरलेलं कुत्रं दाराकडे बघत बघत मागे सरकतं. खायला मागणारं तुझ्या हाताकडे बघतं.

थोडे दिवस काहीही शिकवू नकोस. स्टूल घेऊन कोपऱ्यात बस आणि नुसतं बघ. तोंड कुठे, शेपटी कशी, पाय कुठे जातात. आणि कुठल्या आवाजांना तो भुंकत नाही, तेही बघ. भुंकण्यापेक्षा न भुंकणं जास्त सांगतं.

तुझी नणंद


२ ऑक्टोबर

वन्सं,

बघितलं.

बेल वाजते. तो दारापर्यंत धावतो, दाराला नाक लावतो आणि लगेच मागे फिरतो. ह्यांच्या खुर्चीसमोर येतो. दाराकडे पाठ, खुर्चीकडे तोंड, आणि भुंकतो. पुढचा एक पाय खुर्चीच्या बैठकीवर ठेवतो, जिथे ह्यांचा गुडघा असायचा. पाय काढून घेतो, पुन्हा दारापाशी, पुन्हा खुर्चीपाशी. शेपटी हलत असते. रागावलेला नसतो. किटली शिटी देते तेव्हा स्वयंपाकघर आणि खुर्ची. फोन वाजतो तेव्हा फोन आणि खुर्ची.

जिन्यातल्या मांजरीला तो भुंकत नाही. ढग गडगडले, टेबलाखाली जाऊन बसला, पण आवाज नाही. शेजारचं मूल गाडीची शिटी वाजवत पळतं, त्याच्याकडे दुर्लक्ष. माझ्या मशीनला कधीच नाही.

म्हणजे काय ते मला कळलं. तो ह्यांना हाका मारतो. बेल वाजली की त्याला वाटतं, आले असतील. खुर्चीत बघतो तर नाहीत. मग हाका मारतो. हे एवढं सरळ मला आधी दिसलं नाही, कारण मी त्याच्यावर ओरडत होते.

आता तुम्हीच सांगा, मी त्याला गप्प कशी करू? ह्या घरात ह्यांच्याशी बोलणारं तेवढंच एक उरलंय. त्याला अंडं चारून ते सोडायला लावायचं? बैठक जवळ आली आहे, नर्सची झोप होत नाही, सगळं मान्य. पण काल बेल वाजल्यावर मी त्याला थांबवायला उठलेच नाही.

तुमची वहिनी


१३ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा थोडक्यात लिहिते.

खुर्ची काही दिवस दुसऱ्या खोलीत ठेव. सवय मोडायची तर जागा बदलावी लागते.

आणि मला दोन गोष्टी हव्या आहेत. दादा असताना घरात फोन कोण उचलायचं? आणि तू पाठमोरी असताना हाक मारलीस तर तो काय करायचा? तोंड समोर असताना आणि पाठमोरं असताना, दोन्ही आठव. का विचारते ते आज नको विचारूस. माझी खात्री नाही.

तुझी नणंद


१८ ऑक्टोबर

वन्सं,

फोन मी उचलायचे. पाठमोरी हाक मारली तर हे काही करायचे नाहीत. समोर बसून बोलले तर एकटक माझ्याकडे बघायचे, मीच लाजून म्हणायचे, "काय बघताय, नवी आहे का मी?" आणि उठून कामाला लागले की पुन्हा भिंत. एका माणसाने एका बाईवर एवढा जीव लावावा आणि तिने पाठ फिरवली की तिला विसरून जावं, ह्याचा अर्थ मला आयुष्यात लागला नाही. मी हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पुन्हा माझ्याच तोंडून काढून घेऊन काय मिळालं तुम्हाला?

खुर्ची हलणार नाही. तुम्ही कुत्र्यांना शिकवता, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण ही खुर्ची कुत्र्याची नाही.

बैठकीत जे ठरेल ते ठरेल. मुकादमला तुमच्याकडे सोडायची वेळ आली तर कळवीन.

वहिनी


६ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र नाही. मागच्या खेपेला मी तोडून लिहिलं, म्हणून असेल. राग ठेवू नका. आज जे सांगायचंय ते तुमच्याशिवाय कोणाला सांगणार?

काल ह्यांचे गिरणीतले जोडीदार आले होते, ह्यांच्या शेजारच्या मागावर होते ते लंबू. हे गेले तेव्हा ते परगावी मुलीकडे होते, त्यांना उशिरा कळलं. बेल वाजली, मुकादम सुरू झाला. मी दार उघडलं आणि त्या गोंधळात "या, बसा" म्हटलं. लंबूंनी तोंडातून शब्दही काढला नाही. मुकादमच्या समोर जाऊन कमरेपाशी हात आडवा धरला, तळवा खाली, आणि दोनदा दाबल्यासारखा केला. मग तोच तळवा त्याच्या कपाळावर ठेवला.

मुकादम बसला. बसला आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला.

मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काही नाही, खात्यातली खूण. कळलं, बंद कर."

"कुठल्या खात्यातली?"

"अहो, आपल्या माग खात्यातली. दीडशे माग एकदम धडधडत असले की देव आला तरी ऐकू येणार नाही. ओठ वाचायचे आणि हात हलवायचे. आम्ही तिथे भांडणंसुद्धा हातांनी केलीत, वहिनी. पगारवाढ मागायची खूण दाखवू का?"

मी म्हटलं, "पण कुत्र्याला कशाला शिकवली?"

ते हसायचे थांबले. म्हणाले, "तुम्हाला... त्याने काहीच सांगितलं नव्हतं?"

मग त्यांनी कानामागून एक छोटंसं यंत्र काढून तळहातावर ठेवलं. मागांनी त्यांचे कान खाल्ले, तसेच ह्यांचेही. निवृत्तीच्या आधीपासून कमी होत होतं. शेवटची वर्षं जवळजवळ काही नाही. समोरच्याचे ओठ दिसले की सगळं कळायचं, त्यात हे तरबेज होते. ओठ दिसले नाहीत की काही नाही. म्हणून मुकादम. बेल वाजली की दाराशी जायचं, येऊन गुडघ्यावर पाय ठेवायचा आणि भुंकायचं. त्याच्या छातीवर हात ठेवून ह्यांना ते जाणवायचं. हे खूण करायचे, कपाळावर हात ठेवायचे. काम संपलं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं? मी काय टाकून देणार होते?"

लंबू म्हणाले, "मीही त्याला तेच म्हणायचो. तो म्हणायचा, बहिरा म्हटलं की लोक तोंड वेंगाडून बोलतात, एकेक शब्द पाडून, लहान मुलाशी बोलल्यासारखे. हिने माझ्याशी तसं बोललेलं मला नको. ती बोलते तेव्हा तिचं तोंड जसं हलतं, तसंच हलू दे."

मी चहा ठेवायला उठले. किटलीने शिटी दिली. मुकादम आला, खुर्चीकडे गेला. मी ओट्यापाशी पाठमोरी उभी होते आणि मला वळवेना.

इतकी वर्षं, वन्सं. मी ओट्याशी काय काय बोलले असेन.

ह्यांचा मला राग आलाय, तोही लिहून टाकते. एवढं लपवायचं होतं तर दुसऱ्या कोणापासून लपवायचं.

तुम्हाला हे माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिहा.

वहिनी


१० नोव्हेंबर

वहिनी,

नाही. आणि मग हो.

तुझं खुर्चीचं पत्र येईपर्यंत मला स्वप्नातही नव्हतं. पण दाराकडे पाठ करून, माणसाकडे तोंड करून, शेपटी हलवत भुंकणारं कुत्रं शोक करत नाही. ते काम करत असतं. बहिऱ्या लोकांसाठी अशी कुत्री तयार करतात, मी ती बघितली आहेत. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि मग एकेक आठवत गेलं. "फोनवर तुझी कुत्रीच ऐकू येतात." वहिनी, त्याला माझी कुत्रीही ऐकू येत नव्हती. माझ्या कुत्र्यांवर ढकलून मोकळा झाला. आणि मी त्याच्यावर रुसून बसले.

पिल्लू मागितलं तेव्हा काय लिहिलं होतं सांगू? "जरा बोलकं बघून दे." सगळे लोक माझ्याकडे गरीब, न भुंकणारं पिल्लू मागतात. हा एकटा भुंकणारं मागत होता. मला वाटलं, घर शांत असेल, त्याला सोबतीला आवाज हवा असेल.

तुला सांगितलं नाही, कारण नुसत्या अंदाजावर एवढी गोष्ट पत्रात घालायची माझी छाती झाली नाही. खोटं निघालं असतं तर? खरं निघालं असतं तर तू ते एकटीने वाचलं असतंस. म्हणून आडून प्रश्न विचारले आणि तुला दुखावलं.

खुर्ची हलव म्हटलं, तेही चुकलंच. मी त्याला सवय म्हणत होते. ती सवय नाही, निरोप आहे. तो निरोप आणतो आणि घ्यायला कोणी नसतं. म्हणून तो पुन्हा आणतो. आपण त्याला "शांत" म्हणतोय, म्हणजे निरोप्याला सांगतोय की तू आलाच नाहीस. तो कसा थांबेल?

निरोप घे, वहिनी. बेल वाजली की त्या खुर्चीत तू बस. तो येईल, पाय ठेवेल, भुंकेल. तळवा खाली, दोनदा. मग कपाळावर हात. शब्द नको, अंडंही नको. मग उठून दार उघड, म्हणजे त्याला दिसेल की सांगितलेलं कामी आलं. हे शेवटचं विसरू नकोस.

रागावली आहेस त्यावर काही लिहीत नाही. मीही रागावले आहे. आपण दोघी मिळून रागावू.

तुझी नणंद


२४ नोव्हेंबर

वन्सं,

मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. ह्यांच्या हयातीतही नाही, नंतर तर नाहीच. तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस तिच्याभोवती झाडत होते. मग बसले.

रस्ता दिसत नाही तिथून. निवृत्त झाल्यावर ह्यांनी ती फिरवून घेतली, रस्त्याकडे पाठ करून. मी म्हटलं, आता जगाचाही कंटाळा आला वाटतं ह्यांना. वन्सं, त्या खुर्चीत बसलं की समोर फक्त माझी मशीन दिसते. मागची खिडकी थेट मशीनच्या स्टुलावर उजेड टाकते. तिथे बसलेल्या माणसाच्या तोंडावरची सुरकुतीन् सुरकुती दिसेल एवढा उजेड. मी तिथे बसून सुया दातांत धरून बोलायचे. तेव्हा हे वैतागायचे, "आधी त्या सुया काढ." मला वाटायचं, सुई गिळेन म्हणून.

मी बराच वेळ बसले होते. नर्सने बेल वाजवली. मुकादम दाराशी गेला, मागे वळला आणि थबकला. खुर्चीत कोणीतरी होतं. हळूहळू आला. माझ्या गुडघ्यावर पाय ठेवला. भुंकला. मी तळवा दोनदाऐवजी चारदा दाबला. कपाळावर ठेवला. त्याने सुस्कारा सोडला, लंबूंच्या वेळी सोडला तसाच, आणि मी उठून दार उघडलं. नर्स म्हणाली, "मावशी, रडताय का?" मी म्हटलं, "नाही गं, कुत्र्याला शिकवतेय."

बैठक झाली. चिटणीस आणि आणखी दोघं जण आमच्या दारात आले, एकाने बेल दाबली आणि तिघंही कान टवकारून उभे राहिले. आतून एक भुंकणं, मग काही नाही. चिटणीसांना वाटलं बेल बिघडली, म्हणून त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा एक. नर्स मागून जिना चढत आली होती. म्हणाली, "एवढं चालेल. माझा गजर ह्याच्यापेक्षा मोठा वाजतो." मुकादम राहतोय. चिटणीसांनी तसं लिहून दिलं, आणि ह्या वेळी दाराखालून नाही, हातात.

पण तुम्हाला पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

काल मी मशीनवर होते. एका कोटाचं अस्तर बदलायचं होतं, ते मांडीवर पसरलेलं, उठणं शक्य नव्हतं. बेल वाजली. मुकादम दाराशी गेला, मागे फिरला, खुर्चीपाशी आला. मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. खुर्ची रिकामी होती. त्याने ती हुंगली. मग तिला वळसा घालून थेट माझ्याकडे आला, अस्तरावर पाय ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून एकदा भुंकला.

तुम्ही म्हणाल, जिंकलीस. मलाही तेच हवं होतं, ह्याच्यासाठीच एवढा खटाटोप केला. पण तो खुर्ची ओलांडून आला, वन्सं. आता ह्यांना कोणी काही सांगत नाही. त्या विचारात खूण करायची राहूनच गेली.

बाहेरच्याने पुन्हा बेल दाबली. मुकादम भुंकला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, सांगितलंय की एकदा, अशा तोंडाने. पाय तसाच अस्तरावर. मी हात त्याच्या कपाळावर ठेवला. शब्द नको असं तुम्ही लिहिलं होतं, पण मी बोलले. अगदी नेहमीसारखं, घाईत, अर्धं तोंडातल्या तोंडात.

"ऐकलं रे," मी म्हटलं. "ऐकलं मी."

तुमची वहिनी